बहिणींची नावं सातबाऱ्यावर: १९३७ पासून काय बदललं आणि तलाठ्याकडे नेमकं काय करायचं?

शिवारवाट

माढा-बार्शी पट्ट्यातल्या महिला बचत गटांसाठी चार पानी माहितीपत्रक करायचं आहे. विषय एकच, शेतजमिनीत बाईचं नाव. बैठकांमध्ये तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "१९९४ च्या आधी लग्न झालं, आता हक्क नाही." "बाप २००५ च्या आधी वारला, विषय संपला." "लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा." यातलं खरं किती, खोटं किती, हे तारखांसकट हवं आहे.

दुसरं म्हणजे कायद्याने हक्क दिला तरी नाव लागतं ते फेरफाराने, म्हणजे गावच्या दप्तरातल्या हक्कबदलाच्या नोंदीने. तिथे बायकांची नावं नेमकी कुठे गळतात? वारस नोंद, हक्कसोड (आपला हिस्सा सोडून देणं), बायकोचं नाव लावणं, या तिन्हींवर जाणकारांनी सविस्तर लिहावं. कागदांची नावं गावात आणि कचेरीत चालतात तीच द्या, म्हणजे वाचणारीला तलाठ्यासमोर तोच शब्द वापरता येईल.

दिवाणीकज्जे

इतिहासापासून सुरू करतो, कारण कुठल्या तारखेला कोण वारलं यावर बरंच ठरतं.

१९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पहिल्यांदा नवऱ्याच्या हिश्श्यात जागा मिळाली, पण ती हयातीपुरती. पोटाला खायचं, विकायचं नाही, आणि तिच्यामागे जमीन पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. मुलीला त्यात काहीच नव्हतं. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला आणि कलम १४ ने विधवेची ही मर्यादित मालकी पूर्ण मालकी झाली. कलम ८ ने मुलगी, मुलगा, बायको आणि आई एका रांगेत आले. मात्र ही बरोबरी वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरती होती. वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हिस्सेदार फक्त मुलगेच राहिले.

याचा हिशेब कसा व्हायचा, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम निकालात स्वच्छ दिसतं. हिराबाईंचे पती खंडाप्पा १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. न्यायालयाने आधी मृत्यूच्या क्षणी वाटप झालं असं धरलं. खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे असे चार वाटेकरी, प्रत्येकी १/४. मग खंडाप्पांचा १/४ सहा वारसांत गेला, प्रत्येकी १/२४. म्हणून हिराबाईंना ७/२४, प्रत्येक मुलाला ७/२४ आणि प्रत्येक मुलीला १/२४.

समजा अशा कुटुंबाकडे १२ एकर आहे. आई आणि दोन्ही मुलांना प्रत्येकी ३ एकर २० गुंठे, तर मुलीला २० गुंठे. तेच कुटुंब आजच्या नियमाने घ्या. वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात वाटेकरी. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत समान. शेवटी सगळ्यांना १/६, म्हणजे दोन-दोन एकर. वीस गुंठ्यांवरून दोन एकर. माहितीपत्रकात हा हिशेब नक्की घाला. कलमं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, एकर-गुंठे राहतात.

आता तुमची तीन वाक्यं.

पहिलं वाक्य अर्धसत्यातून आलं आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षं आधी, २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः हिस्सेदार केलं. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ती अट गावागावांत अजून जिवंत आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाच्या तारखेची अट नाही. लग्न १९७० चं असो की २०१० चं, फरक पडत नाही. त्याच दुरुस्तीने कलम २३ काढून टाकलं, त्यामुळे राहत्या घराचंही वाटप मुलगी मागू शकते. आधी भाऊ मागतील तेव्हाच ते व्हायचं.

दुसरं वाक्य २०१५ च्या एका निकालामुळे पाच वर्षं खरं होतं. त्यात वडीलही ९ सप्टेंबर २००५ ला हयात हवेत असं म्हटलं होतं. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात तीन न्यायमूर्तींनी ते रद्द ठरवलं. हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी जिवंत असायची गरज नाही. मुलगी मात्र त्या दिवशी हयात असायला हवी.

तिसऱ्याला कायद्यात काहीही आधार नाही. लग्नाचा खर्च म्हणजे वाटप नव्हे. हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे. त्याची वजावट हिश्श्यातून मागणं म्हणजे गुन्ह्याचा हिशेब वारसात धरणं.

खरा अडसर निराळाच आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटपपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते उघडता येत नाही. म्हणून भावांकडून बऱ्याचदा "२००३ लाच आपसात वाटप झालं होतं" असा साध्या स्टँपवरचा कागद पुढे येतो. विनीता शर्मा निकालात याचा थेट विचार झाला आहे. तोंडी वाटप अपवाद म्हणूनच मानायचं, तेही सरकारी दस्तांनी भक्कम सिद्ध झालं तर. त्या काळात खाती खरंच वेगळी झाली होती का, कर्ज वेगवेगळ्या नावांवर निघालं होतं का, हे जुने ८अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा) आणि सोसायटीचे उतारे सांगतात. ते आधी काढा.

आणखी एक. गावात आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन 'वडिलोपार्जित' म्हणतात. पण १९५६ नंतर वडिलांना कलम ८ ने वारसात मिळालेली जमीन कायद्याने त्यांची स्वतःची ठरू शकते. मग त्यांच्या हयातीत मुलगी, आणि मुलगासुद्धा, वाटप मागू शकत नाही, आणि वडील तिचं मृत्युपत्र करू शकतात. मृत्युपत्र नसेल तर मृत्यूनंतर मुला-मुलींना सारखाच हिस्सा. दावा टाकण्याआधी जमीन कुठल्या साली कुणाकडून आली याचे सगळे फेरफार लावून पाहायचे ते यासाठी.

नमुना६क

महसूल खात्यात मंडळ अधिकारी म्हणून काम केलं आहे. नावं कुठे गळतात ते क्रमाने सांगतो.

खातेदार वारला की तीन महिन्यांत तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं, महसूल संहितेचं कलम १४९. अर्ज हस्ते देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची वंशावळ आणि तीवरचं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, आधार, रेशनकार्ड, चालू सातबारा आणि ८अ. तलाठी आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत घेतो, चौकशी होते, मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते, चावडीवर लागते, पंधरा दिवस हरकतीची मुदत. हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आली तर ती ६-अ ला, तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते.

सगळ्यात मोठी गळती वंशावळीत. अर्ज भाऊ करतो, वंशावळ तोच लिहून देतो, आणि सासरी गेलेल्या बहिणी त्यात नसतात. तलाठ्याने गावात पंचांना विचारायला हवं, पण चौकशी घाईत झाली तर कागद तसाच पुढे सरकतो. म्हणून नियम एकच: वडील वारल्यावर बहिणीने भावाची वाट न बघता स्वतः अर्ज द्यावा. वारसांपैकी कुणीही एक अर्ज देऊ शकतो, सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत. फक्त तिच्या अर्जातही भावांची आणि आईची नावं पूर्ण हवीत.

मग नोटीस. ती माहेरच्या पत्त्यावर जाते, तिथे भाऊ किंवा भावजय घेते आणि पंधरा दिवस उलटतात. अर्जात बहिणीचा सासरचा पूर्ण पत्ता आणि मोबाईल लिहाच.

नाव लागलं तरी कुठल्या रकान्यात लागलं ते बघा. कित्येक जुन्या सातबाऱ्यांवर भाऊ कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, आणि बहिणी 'इतर हक्कात' अशी मांडणी आहे. बहीण वारस आहे, तिचं नाव कब्जेदार सदरीच हवं. इतर हक्कातलं नाव कर्ज, नुकसानभरपाई, भूसंपादन या प्रत्येक वेळी मागे पडतं.

तीन अक्षरांची दोन लघुरूपं वाचायला शिकवा. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही नोंदच सांगते की जमीन त्याच्या एकट्याची नाही. ती नोंद कमी करून सगळ्यांची नावं लावा, असा अर्ज करता येतो. त्यासाठी मूळ ए.कु.मॅ. नोंदीचा फेरफार काढायचा, म्हणजे त्या वेळी मूळ खातेदार कोण आणि कुटुंब कोणतं हे कळतं. दुसरं 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ता. वडील वारले तेव्हा मुलगे लहान असले की सातबाऱ्यावर 'अमुक व तमुक अ.पा.क. आई' अशी नोंद व्हायची. मुलं सज्ञान झाली की अ.पा.क. शेरा निघतो आणि त्याबरोबर आईचं नावही जातं. पण ती स्वतः वारस होती! तिचं नाव पालक म्हणून नाही तर कब्जेदार म्हणून लागायला हवं होतं. असे सातबारे काढून बघा, प्रत्येक गावात सापडतील.

नाव कोणतं लिहायचं हाही मुद्दा आहे. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, जुन्या फेरफारात 'भ्र.' (भ्रतार, म्हणजे नवरा) लावून नवऱ्याचं. सातबाऱ्याचं नाव आधारशी जुळलं नाही की शेतकरी ओळख क्रमांक काढताना अडकतं. अर्जाला विवाह नोंदणी दाखला किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा.

शिवारवाट

फार उपयोगी. नोंद दहा-पंधरा वर्षांपूर्वी प्रमाणित झाली आणि बहिणीला आता कळलं, तर? बऱ्याच जणी कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करतात.

नमुना६क

१५५ हे लेखनप्रमादासाठी आहे. मूळ फेरफारात नाव होतं आणि संगणकीकरणात सातबाऱ्यावर उतरवायचं राहिलं, तर १५५ बरोबर. पण वंशावळीतच नाव नव्हतं तर ती हस्तदोषाची चूक नव्हे. तो अर्ज वर्षभराने फेटाळला जातो आणि वेळ जातो. प्रमाणित नोंदीवर कलम २४७ खाली प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. मुदत ६० दिवस. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यायचा आणि त्यात नोटीस मिळाली नाही, नोंद अमुक तारखेला सातबारा काढल्यावर कळली, हे पुराव्यासह लिहायचं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि त्यावर काढल्याची तारीख असते. तोच कामी येतो.

२०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायचं काम गावोगाव झालं. त्या वेळी झालेले तुमच्या गावांतले फेरफार आत्ताच तपासा. बहिणी सुटल्या असतील तर अपिलाला उशीर जितका कमी तितकं बरं.

सोसायटीसचिव

बायकोच्या नावाबद्दल. नवऱ्याच्या हयातीत बायकोला वारसाहक्क नसतो, म्हणून वेगळी वाट लागते. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनापासून हा विषय लावून धरला आणि शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली. शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमिनी केल्या. १९९२ मध्ये सरकारने लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वतः अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, खरेदीखत किंवा बक्षीसपत्र लागत नाही. आजही हे चालू आहे, फक्त मागणारे कमी.

गावठाणातल्या घरासाठी 'घर दोघांचे'. २००३ च्या निर्णयाने ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरांची कर आकारणी नोंदवही) नवरा-बायको दोघांची नावं लावायची आहेत. ग्रामसेवकाकडे अर्ज, खर्च जवळजवळ शून्य.

नावाने हातात काय येतं ते स्पष्ट लिहा. विकास सोसायटीचं सभासदत्व, आणि त्यातून पीककर्ज आणि मतदान, दोन्ही. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत शेतीकर्जाला तारण लागत नाही, पण ८अ वर क्षेत्र लागतंच. पीकविमा, ई-पीक पाहणी, ठिबकचं अनुदान, भूसंपादनाचा मोबदला, सगळं त्या एका रकान्यावर. नाव नसलेली बाई शेतात खपते, पण कागदावर ती शेतकरी नसते. कृषिगणनेत देशभरात बायकांच्या नावावरची वहिती खाती २०१०-११ ला सुमारे १३ टक्के होती, २०१५-१६ ला सुमारे १४. पाच वर्षांत एक टक्का!

खोटी आशा मात्र देऊ नका. पीएम किसानचे सहा हजार नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एका कुटुंबात एकालाच. आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी किंवा बक्षिसाने नाव लागलं असेल तर ते त्या योजनेला चालत नाही, वारसाने लागलेलं चालतं.

दिवाणीकज्जे

हक्कसोडीबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. नाममात्र मुद्रांकावर भावाच्या लाभात होतं, त्यामुळे स्वस्त आणि झटपट. वडिलांच्या वर्षश्राद्धाला बहिणी आल्या की त्यांना दुय्यम निबंधकाकडे नेलं जातं, "वारस लावायला सह्या पाहिजेत" असं सांगून. हे वाक्य माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापा: वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जावं लागत नाही. तिथे अंगठ्याचा ठसा आणि फोटो घेतला जात असेल तर तुम्ही हिस्सा सोडत आहात.

सही करण्याआधी दस्ताच्या शेवटी असलेलं मिळकतीचं वर्णन वाचा. एका गटाचं बोलणं झालेलं असतं आणि दस्तात सगळे गट, घर, विहीर, "तसेच न लिहिलेली इतर मिळकत" असतं. कुणाच्या लाभात, तेही बघा. सगळ्या भावांच्या की एकाच्या? आईसाठी सोडायचं असेल तर आईचं नाव लिहा. आणि मोबदला दिल्याचं लिहिलं असेल तर पैसे खात्यात आले का?

एकदा नोंदलं की ते आपणहून मागे घेता येत नाही. फसवणूक झाली असेल तर कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा. नुसतं पाचशेच्या स्टँपवर लिहून दिलेलं, न नोंदलेलं हक्कसोडपत्र मालकी हलवत नाही. त्यावर फेरफार झाला असेल तर अपिलात तो टिकवणं भावाला जड जातं.

वाटप हवं आणि सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे. एकही हरकत असेल तर दिवाणी कोर्ट. दावा टाकला की दुय्यम निबंधकाकडे त्याची लिस पेंडन्स नोटीस (या जमिनीवर दावा चालू आहे अशी सूचना) नोंदवून घ्या, नाहीतर दावा चालू असताना जमीन विकली जाते आणि घेणारा "मला ठाऊक नव्हतं" म्हणतो. पहिला हुकूमनामा फक्त हिस्से ठरवतो. प्रत्यक्ष सरस-निरस (चांगली-हलकी जमीन) पाहून वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मोजणी भूमी अभिलेखकडून. पुष्कळ जणी पहिल्या हुकूमनाम्यावर थांबतात आणि ताबा भावाकडेच राहतो. तिथून पुढचा अर्ज वकिलाकडून लगेच करून घ्या. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२.

तुकडेबंदीचा धाक दाखवला जातो, "तुझ्या वाट्याला आठ गुंठे येतात, नाव लागणारच नाही." नाव लागतं. सामाईक खात्यात वारस म्हणून नाव लागायला क्षेत्राची अट नाही. अडचण येते ती छोटा तुकडा वेगळा काढताना.

मांडवीकाठ

गोव्यात हे सगळं निराळं. पोर्तुगीज नागरी संहितेपासून लग्नानंतर दोघांची मिळकत सामाईक, वेगळा करार केला नसेल तर. नवऱ्याला स्थावर मिळकत विकायला बायकोची सही लागते. मुलांना, मुलगा-मुलगी भेद न करता, अर्ध्या मिळकतीतून वगळता येत नाही. वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेने (मिळकतीची यादी करून) कोर्टात. सीमेलगतच्या सावंतवाडी-दोडामार्गच्या मुली गोव्यात दिल्या असतील तर माहेरच्या जमिनीच्या वारसाहक्काला महाराष्ट्रातलाच कायदा लागतो, गोव्याचा नाही, हे सांगा.

शिवारवाट

आदिवासी पाड्यांतल्या गटांनीही पत्रक मागितलं आहे. हेच त्यांना लागू होईल?

दिवाणीकज्जे

नाही, वेगळं पान करा. हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन, शिखांना लागू आहे, पण कलम २(२) ने अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. तिथे रूढी चालते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सांगितलं की मुलीला वगळण्याची रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला समान हिस्सा. म्हणजे "आमच्यात देत नाहीत" हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर आहे. वनहक्काच्या जमिनीचं मात्र अगदी सोपं. २००६ च्या कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे विवाहित असतील तर पट्टा दोघांच्या नावे द्यायचा आहे. पट्ट्यावर एकट्या नवऱ्याचं नाव असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन उपविभागीय समितीकडे दुरुस्ती मागा, आणि पट्ट्यावरून सातबाऱ्यावर नोंद घेताना दोन्ही नावं उतरली का ते तिथेच उभं राहून पाहा.